बागेत लिंबाचा वास, पातेल्यात नाही: लेमन थाइमच्या एका तक्रारीचा तपास

प्रकरण दोन बहिणींचं आहे. घर एकच; थोरली बाग बघते, धाकटी स्वयंपाक. दोघींत वाद होता तो लेमन थाइमवरून, म्हणजे स्वयंपाकात पानं घालतात त्या थाइम नावाच्या बुटक्या झुडपाच्या लिंबाच्या वासाच्या प्रकारावरून. धाकटी म्हणायची, "ताई, तुझ्या झाडाला लिंबाचा वासच नाही. साधा थाइम घातला काय नि हा घातला काय, सारखंच." थोरलीचं उत्तर ठरलेलं, "वाफ्याशी येऊन पान चोळून बघ आणि मग बोल. वास आहे. तू तो उकळून घालवतेस." निवाडा करायला मला बोलावलं. बागेपासून ताटापर्यंत सगळं पाहिल्यावर निघालं ते असं, की वास चार ठिकाणी गळत होता. त्यातली दोन ठिकाणं बागेत, एक बरणीत आणि एक पातेल्यात. चारही गळत्यांची कारणं वेगवेगळी होती, म्हणून एका उपायाने काही सुधारणारही नव्हतं.

वास साठतो कुठे

हे आधी सांगायला हवं, पुढचा सगळा तपास त्याच्यावर उभा आहे. थाइम पुदिन्याच्या कुळातला. या कुळातल्या बहुतेक सुगंधी झाडांच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. थाइमचं पान उलटं करून भिंगाखाली धरलं तर चमकदार बारीक ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे पातळ पापुद्र्याखाली साठलेला तेलाचा अंश. पान चोळलं की पापुद्रा फाटतो आणि तेल हवेत उडतं. म्हणजे वास पानात खोलवर मुरलेला नसतो; तो वरच्यावर, त्या नाजूक पापुद्र्याच्या भरवशावर टिकून असतो.

साध्या थाइमचा वास मुख्यतः थायमॉलचा. ओव्याला त्याचा वास देणारं द्रव्यही तेच. लेमन थाइममध्ये थायमॉलचा वाटा कमी आणि जिरॅनिऑल, जिरॅनियल, नेरल यांचा जास्त. यातल्या जिरॅनियल आणि नेरल या जोडीला मिळून सिट्रल म्हणतात. गवती चहाच्या तेलातही मोठा हिस्सा सिट्रलचाच असतो, आणि खऱ्या लिंबाच्या सालीत ते थोडं असलं तरी 'हे लिंबू आहे' ही ओळख बरीचशी त्याच्यामुळेच पटते. आता अडचण अशी की सिट्रल फार नाजूक. उष्णता, हवा, ऊन, आम्ल, यांतलं काहीच त्याला सोसत नाही. थायमॉल त्या मानाने चिवट. त्यामुळे लेमन थाइमची हेळसांड झाली तर वास एकदम सगळा जात नाही. आधी लिंबू जातं आणि थाइम उरतो. धाकटीची तक्रार नेमकी हीच होती.

एका नावाची तीन झाडं

बागेत लेमन थाइमची तीन झाडं निघाली आणि थोरली तिन्हींना एकच समजत होती.

पहिलं वाफ्यातलं. रोपवाटिकेतून आणलेलं, पिवळ्या कडांच्या पानांचं, आता दोन वीत पसरलेलं, वरून हिरवंगार. शेजारी पुदिना आणि पार्स्ली. त्यांच्यासाठी रोज पाणी, अधूनमधून कंपोस्ट, आणि त्यांच्याबरोबर थाइमलाही तेच. दुसरं त्याचंच जुळं, त्याच वेळी आणलेलं, पण भाजक्या मातीच्या लहान कुंडीत, ऊन तापतं अशा भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्याच्याकडे फारसं कोणी बघत नव्हतं. तिसरं बियांच्या पाकिटातून उगवलेलं, प्लास्टिकच्या लांबट कुंडीत. पाकिटावर 'लेमन थाइम' असं स्वच्छ छापलेलं.

धाकटी पानं तोडायची ती पहिल्या आणि तिसऱ्या झाडाची, कारण तिथे पाला भरपूर. भिंतीजवळचं बुटकं, पानं बारीक. त्यातून चमचाभर पानं काढायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं.

मी तिन्ही झाडांचे कोवळे शेंडे तीन वाट्यांत घेतले, चोळले आणि धाकटीला डोळे मिटून हुंगायला दिले. थोरली शेजारी हाताची घडी घालून उभी. बियांच्या झाडाला धाकटी लगेच म्हणाली, "हा साधा थाइम." वाफ्यातल्याला जरा थांबून, "लिंबू आहे, पण विरलेलं." तिसरी वाटी भिंतीजवळच्या झाडाची. तिने एकदा हुंगलं, मान मागे घेतली आणि पुन्हा हुंगलं. "हे कुठून आणलंस?" थोरलीने काही न बोलता भिंतीकडे बोट दाखवलं.

बियांच्या झाडाचं कोडं लवकर सुटतं. लेमन थाइम बियांपासून हुबेहूब आईसारखा येईल याची खात्री नसते. थाइमच्या जाती आपापसांत सहज संकर करतात. लेमन थाइम स्वतःच साधा थाइम आणि रुंद पानांचा थायमस पुलेजिऑइड्स यांचा संकर आहे असं दीर्घकाळ मानलं गेलं. म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात मध्ये गुणाकाराची खूण लिहिलेली दिसते. ते मत आता सर्वांना मान्य नाही, पण बागवानाच्या दृष्टीने फरक पडत नाही. पांढरट कडांचा 'सिल्व्हर क्वीन' असो की पिवळ्या कडांचे वाण, सगळे कलमांनीच वाढवतात. बियांतून आलेलं रोप लिंबाच्या वासाचं निघालं तर नशीब. रोप विकत घेतानासुद्धा पाटी वाचून थांबू नये, एक पान चोळून बघावं. रोपवाटिकेत कोणी त्याला हरकत घेत नाही.

थोरलीचा संशय मात्र दुसरीकडेच होता. वाफ्यातल्या झाडाला मधूनच पूर्ण हिरव्या, बिनकडेच्या पानांच्या फांद्या फुटल्या होत्या. "झाड उलटलं, म्हणून वास गेला," असं तिचं मत. झाड उलटलं होतं, म्हणजे मूळच्या हिरव्या रूपाकडे परतू लागलं होतं, हे खरं. दुरंगी पानांच्या वाणांत अशा हिरव्या फांद्या येतात, त्यांच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने त्या जोमाने वाढतात आणि वेळीच बुडापासून काढल्या नाहीत तर सगळं झाड हिरवं करून टाकतात. पण मी हिरवं पान आणि पिवळ्या कडांचं पान शेजारी शेजारी चोळून तिला दिलं. दोन्हींचा वास सारखाच, सारखाच फिका. दिसण्यासाठी त्या फांद्या काढायला हव्या होत्याच, वासाशी मात्र त्यांचा संबंध नव्हता.

वाफ्यातलं झाड

खरा प्रश्न या झाडाचा होता. वरून बघणाऱ्याला ते तिन्हींत सर्वांत निरोगी वाटलं असतं. दोन्ही हातांनी फांद्या बाजूला सारल्या तेव्हा मधोमध टक्कल दिसलं: काळपट, जून काड्या, त्यांना चिकटलेली तपकिरी ओलसर पानं, आणि खाली शेवाळाचा पातळ थर. बोट पेरभर मातीत घातलं तर माती ओली, आणि तिला आंबूस वास. झाडाच्या कडेची माती थोडी उकरून एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल बोटांत आली आणि आतला दोरा मातीत राहिला. ही मूळकूजेची खूण. निरोगी मूळ घट्ट असतं, साल अशी सुटत नाही.

थाइम हा मूळचा भूमध्य समुद्राभोवतीच्या खडकाळ, चुनखडीच्या उतरणींवरचा. तिथे पाऊस पडतो पण पाणी मुळांशी थांबत नाही, ऊन दिवसभर, आणि मातीत खाण्यासारखं फारसं काही नाही. लेमन थाइमची आवडही साधारण तीच. मातीचा सामू (pH) ६ ते ८ च्या दरम्यान चालतो, ऊन किमान सहा तास लागतं, आणि निचरा नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. वाफ्यात त्याला पुदिन्याचं आयुष्य मिळालं होतं. रोज पाणी आणि भरपूर नत्र मिळालं की पाला वाढतो, पानं मोठी आणि मऊ होतात, पेरं लांबतात. वास मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. वजन वाढतं, तेल तेवढंच किंवा कमी. धाकटी मूठभर पाला घालायची आणि तिला वासही मूठभर हवा असायचा. भिंतीजवळच्या झाडाची चिमूटभर पानं त्या मुठीपेक्षा भारी पडत होती.

इथे थोरली म्हणाली, "मग मी या भिंतीजवळच्याला मोठी कुंडी देते. तळाला खडीचा थर घालून. निचरा छान होईल." हा समज इतका पक्का रुजलेला आहे की त्यावर थांबणं भाग आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजून तट्ट झाल्याशिवाय ते खाली सुटतच नाही. कुंडीत खडी नसती तर ओला थर अगदी तळाशी राहिला असता. खडी घातली की तोच ओला थर वर सरकतो, मुळांच्या जवळ. खडी घालायचीच तर ती मातीत मिसळावी किंवा माथ्यावर पसरावी. तळाला घालू नये. आणि झाडाच्या मानाने कुंडी फार मोठी असली तर जी माती मुळांनी व्यापलेली नाही ती ओलीच राहते. भिंतीजवळच्या झाडाला एक बोट मोठी कुंडी पुरेशी होती. तीही त्याच भाजक्या मातीची, कारण तिच्या अंगातून पाणी उडतं.

बागेतला इलाज

वाफ्यातलं झाड छाटून नवं करू, अशी थोरलीची पहिली सूचना. मी नको म्हटलं. थाइमची पानं झडलेली जून फांदी बुडापासून छाटली तर तिला बहुधा नवा फुटवा येत नाही, ती तशीच वाळते. छाटायचं ते हिरव्या भागात, खाली थोडी तरी पानं राहतील असं. फुलोरा संपल्यावर हिरव्या वाढीचा तिसरा हिस्सा कापावा आणि हे दरवर्षी करावं, म्हणजे झाड दाट राहतं. या झाडाला ती कात्री कधी लागलीच नव्हती. टक्कल त्याचंच, त्यात ओलाव्याची भर.

मग उपाय केला तो दाब कलमाचा. मधल्या टकलात भरड वाळू मिसळलेली माती भरली, इतकी की जून काड्या झाकल्या जाव्यात आणि फक्त हिरवे शेंडे वर राहावेत. थाइमची काडी ओलसर मातीला टेकली की तिला सहज मुळं फुटतात. हा त्याचा स्वभाव इथे कामाला येतो. पाणी रोजचं बंद. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच द्यायचं. पुदिना आणि पार्स्लीला पाणी घालताना थाइमच्या बाजूला पाणी जाऊ नये म्हणून मध्ये विटांची आडवी ओळ लावली. कंपोस्ट पूर्ण बंद.

याच्या जोडीला फाटे कलमं. फूल न आलेले कोवळे शेंडे, पाच ते सात सेंटिमीटरचे, खालच्या अर्ध्या भागातली पानं काढून, वाळू आणि कंपोस्टच्या हलक्या मिश्रणात टोचली आणि सावलीत ठेवली. दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. मुळं धरली का हे बघायला काडी उपटायची नाही. हलकेच ओढून पाहावं, अडली तर धरली. कलमं मुद्दाम भिंतीजवळच्या झाडाची घेतली. वाफ्यातलं आणि हे मुळात एकच वाण, पण मूळकूज लागलेल्या झाडापासून नवी पिढी काढायची जोखीम कशाला?

दाब दिलेल्या फांद्यांना मुळं आल्यावर त्या जुन्या झाडापासून तोडून, वाफ्याच्या कोपऱ्यात वीतभर उंच केलेल्या ढिगावर, पंचवीस-तीस सेंटिमीटरच्या अंतराने लावल्या. ढिगात अर्धी माती, अर्धी भरड वाळू आणि बारीक खडी. रोपांच्या बुडाशी वरून खडीचं आच्छादन. यामुळे खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत आणि दमट हवेत मधला भाग कुजण्याचं प्रमाण कमी होतं. पालापाचोळ्याचं आच्छादन थाइमला घालू नये, ते ओलावा धरून ठेवतं. जुन्या झाडाचा गड्डा उपटून टाकला. तो टाकताना थोरलीला वाईट वाटलं.

पातेल्यातली गळती

आता धाकटीची बाजू. खरं सांगायचं तर बागेत काहीही न बदलता, फक्त इथे बदल केला असता तरी तिची निम्मी तक्रार मिटली असती.

तिची पद्धत अशी: कांदा परतताना थाइमच्या काड्या तेलात टाकायच्या, मग बटाटे, मग पाणी, आणि झाकण न ठेवता तासभर मंद आच. साध्या थाइमला हे मानवतं. लेमन थाइमच्या बाबतीत त्या तासाभरात सिट्रल वाफेबरोबर वर जातं. स्वयंपाकघरात त्या वेळी फार सुंदर वास सुटायचा हे धाकटीनेच सांगितलं, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की हवेत सुटलेला तो वास पातेल्यात नाही.

आम्ही भिंतीजवळच्या झाडाचीच पानं घेऊन त्याच बटाट्याच्या सूपवर तुलना केली. एका पातेल्यात सुरुवातीपासून काड्या. दुसऱ्यात आच बंद करायच्या पाच मिनिटं आधी. तिसऱ्यात आच बंद केल्यावर चिरलेली पानं घालून झाकण. पहिल्याला ओव्याकडे झुकणारा, थोडा कडवट वास. लिंबाचा मागमूस नाही. दुसऱ्यात लिंबू होतं, पण सांगितल्यावर कळावं इतकंच. तिसऱ्यात पहिल्याच घोटाला कळलं. मग धाकटीने स्वतःहून चौथा प्रकार केला: मऊ लोण्यात चिरलेली पानं कालवली आणि वाढताना सूपवर एक गोळी सोडली. हा सगळ्यांत सरस निघाला. त्याचं कारण आहे. ही सुगंधी तेलं पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. लोण्यात ती धरून ठेवली जातात आणि जिभेवर हळूहळू सुटतात.

पानं काढायची रीत धाकटीला थोरलीकडून शिकावी लागली, ही गंमतच. काडीचा शेंडा एका हाताच्या चिमटीत धरायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं शेंड्याकडून बुडाकडे, पानांच्या उलट दिशेने ओढायची. जून काडीची पानं एका ओढीत निघतात. कोवळी काडी मध्येच तुटते. तिच्यावर वेळ घालवू नये, काडीसकट बारीक चिरावी. आणि चिरताना सुरीला धार हवी. बोथट सुरीने पानं चेचली जातात, ग्रंथी पाटावरच फुटतात आणि वास पाटाला लागतो.

तासभर शिजणारे पदार्थ करूच नयेत असं नाही. त्यांना साधा थाइम घालावा. बियांच्या कुंडीतल्या त्या 'फसलेल्या' झाडाला असं काम मिळालं. आता सुरुवातीला त्याच्या काड्या आणि शेवटी लेमन थाइमची पानं, असं दोन्ही जातं.

आंबट कुठे आहे?

धाकटीची आणखी एक तक्रार होती, जी वासाची नव्हतीच. लोण्यात परतलेल्या मासळीवर लिंबू पिळायच्या ऐवजी तिने लेमन थाइम भुरभुरला आणि पदार्थ सपक लागला. हे होणारच. लिंबाच्या रसात साधारण पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं. लेमन थाइममध्ये लिंबाचा वास आहे, आंबटपणा नाही. नाक लिंबू म्हणतं आणि जीभ वाट बघत राहते. जिथे पदार्थाला आम्ल हवं तिथे लिंबू पिळावंच. लेमन थाइम त्याच्या जोडीला घालावा, जागी नाही.

पण याच उणिवेचा फायदाही आहे, आणि मला तो या झाडाचा सर्वांत चांगला उपयोग वाटतो. दूध किंवा साय तापवून त्यात लिंबू पिळलं तर नासतं. लेमन थाइम घातला तर नासत नाही. साय कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवायची, आच बंद करून सहा-सात काड्या बुडवायच्या, झाकून वीस मिनिटं ठेवायचं आणि गाळायचं. लिंबाच्या वासाची, अजिबात न फाटलेली साय. तिचं कस्टर्ड करा, आइस्क्रीम करा. पाकालाही हीच रीत: समान वजनाची साखर आणि पाणी, उकळी आल्यावर आच बंद, मग काड्या, मग झाकण. काड्या उकळत्या पाकात घालायच्या नाहीत. कोरडी साखर आणि पानं एकत्र बोटांनी चोळली तर साखरेचे कण ग्रंथी फोडतात आणि तेल साखरेला लागतं. बिस्किटांच्या पिठात ती साखर वापरता येते. धाकटीला सायीपेक्षा हा प्रकार जास्त आवडला. माझं मत सायीच्या बाजूने.

एका गोष्टीला मी तिथल्या तिथे हरकत घेतली. तिने तेलाच्या बाटलीत ताज्या काड्या घालून ती ओट्यावर शोभेला ठेवली होती. तेलाखाली हवा नसते, ताज्या काडीत ओलावा असतो आणि आम्ल नसतं. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला नेमकं हेच हवं असतं. त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. असं तेल करायचं तर थोडंच करावं, लगेच फ्रीजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं. ती बाटली ओतून टाकली.

बरणी

चौथी गळती लहान होती. थोरली उरलेल्या काड्यांची जुडी चुलीवरच्या खुंटीला टांगायची आणि वाळलेली पानं खिडकीतल्या काचेच्या बरणीत भरायची. वाफ, ऊन, हवा, तिन्ही एकदम. सावलीत, कोरड्या वाऱ्यावर, चाळीस अंशांच्या खाली वाळवून, पानं अख्खी ठेवून, झाकणबंद डब्यात अंधारात ठेवली तर फरक पडतो. तरीही वाळलेल्या लेमन थाइमवर माझा फारसा विश्वास नाही. काही महिन्यांत लिंबू कमी होतंच. चिरलेली पानं लोण्यात कालवून बर्फाच्या साच्यात गोठवावीत, ती जास्त टिकतात. व्हिनेगरमध्ये घालून ठेवणारेही आहेत. पण आम्लात सिट्रल मोडतं, लिंबाच्या पेयांचा स्वाद ठेवणीत बिघडतो त्याचं हे एक मोठं कारण. व्हिनेगर करायचं तर लवकर संपवण्याइतकंच.

पुढे काय झालं

पातेल्यातला बदल पहिल्याच दिवशी जाणवला. बागेतला जाणवायला अख्खा हंगाम गेला. ढिगावरची रोपं सुरुवातीला थांबल्यासारखी झाली आणि थोरली पाण्याची झारी घेऊन दोनदा तरी त्यांच्यापाशी जाऊन परतली. "तहानलेली दिसतात गं," असं ती म्हणायची, आणि धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "ताई, बोट घालून बघ आधी!" मुळं खाली उतरल्यावर रोपं पसरू लागली, पानं बारीक आणि कडक आली. चोळून पाहिलं तर वास भिंतीजवळच्या झाडाच्या जवळपास पोचलेला, बरोबरीचा नाही. माझ्या मते फरक उन्हाचा आहे: वाफ्याच्या त्या कोपऱ्यावर दुपारनंतर सावली येते.

तोडणीची वेळही आता ठरली आहे. सकाळी, दव वाळल्यावर, ऊन चढायच्या आत. मोठी तोडणी कळ्या दिसू लागल्या की, फुलं उमलायच्या आधी. तेव्हा वास सर्वांत भरलेला असतो. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही. काही फांद्या मात्र थोरली फुलू देते. जांभळट-गुलाबी फुलांवर मधमाश्या येतात आणि त्या तिला हव्या आहेत. धाकटीचा त्याला विरोध होता, तो चालला नाही.

भिंतीजवळचं झाड बुडाशी लाकडी होत चाललं आहे. थाइम तीन-चार वर्षांनी असा थकतो, त्यात काळजीचं काही नाही. त्याच्या कलमांपैकी दोन शेजारच्या कुंड्यांत वाढत आहेत, आणि ती तोडणीला आली की जुनं झाड काढायचं, असं दोघींचं ठरलं आहे. हिरव्या उलटलेल्या फांद्या आता धाकटीच कापते. वास सारखाच असल्याने त्या थेट लोण्यात जातात.